एकाच कागदावर दोनदा भाडं

"भाडेकरूने दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत २,२०० झ्लॉटी रेंट आणि ६८० झ्लॉटी रेंट भरायचा." हे वाक्य मला व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी ट्राममध्ये उभी होते, आणि खाली प्रश्न होता, ताई, हे टाइप करताना चुकलंय का, की खरंच दोनदा भाडं द्यायचंय?

टायपिंगची चूक नव्हती. मशीनने पोलिश करार इंग्रजीत केला होता आणि मूळ करारात दोन्ही ठिकाणी एकच शब्द होता, चिन्श. मशीनने प्रामाणिकपणे दोन्हीकडे रेंट लिहिलं. झ्लॉटी म्हणजे इथलं चलन. मुलगा सातारचा, इथे पोलंडमधल्या व्रोत्सवाफला मास्टर्स करायला आलेला, आता नोकरी लागलीये आणि दुसरं घर बघतोय. त्याच्या पहिल्या घराचा करार मीच इंग्रजीत करून दिला होता आणि त्यात मी जी चूक केली ती मला आजही टोचते, त्याबद्दल पुढे सांगते.

मी काही शपथ घेतलेली सरकारमान्य अनुवादक नाही. इथे त्यासाठी वेगळी परीक्षा असते, गोल शिक्का असतो, आणि कोर्टात द्यायचे कागद त्यांच्याकडूनच करून घ्यावे लागतात. मी ऑफिसात भाषांतराचं काम करते, पोलिश बऱ्यापैकी येतं, आणि आपली मुलं भाड्याने घर घेताना कागद घेऊन माझ्याकडे येतात इतकंच. कराराच्या शेवटी बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की दोन भाषांत फरक पडला तर पोलिश मजकूर ग्राह्य. म्हणजे माझ्या इंग्रजीला कायद्यात किंमत शून्य. पण सही करणारा मुलगा वाचतो ते माझंच इंग्रजी, आणि त्याचं महिन्याचं बजेट, घरी आईवडिलांना सांगायचा आकडा, सगळं त्या इंग्रजीवरून ठरतं. त्यामुळे मला हे काम फार जपून करावंसं वाटतं.

तर चिन्श. हा शब्द जर्मन त्सिन्सवरून आला आणि तो लॅटिन सेन्ससवरून, म्हणजे आपण ज्याला जनगणना म्हणतो त्याच सेन्ससचा हा नातेवाईक, माणसं आणि मालमत्ता मोजून त्यावर घ्यायचा पैसा. पोलंडच्या १९६४ च्या दिवाणी संहितेत कलम ६५९ मध्ये भाडेकराराची व्याख्या आहे, मालकाने वस्तू वापरायला द्यायची आणि भाडेकरूने ठरलेला चिन्श द्यायचा. म्हणजे कायद्याच्या भाषेत चिन्श हेच भाडं, त्यात काही गोंधळ नाही. गोंधळ लोकांच्या बोलण्यात आहे. कम्युनिस्ट काळात शहरातले बहुसंख्य लोक सहकारी संस्थेच्या नाहीतर नगरपालिकेच्या, कारखान्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि दर महिन्याला बिल्डिंगच्या कचेरीत जे भरायचे त्याला चिन्श म्हणायचे. १९८९ नंतर पुष्कळांनी तेच फ्लॅट विकत घेतले, मालक झाले, पण महिन्याचे पैसे त्याच कचेरीत जात राहिले आणि तोंडातला शब्द तोच राहिला. आज स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी बाई सुद्धा सहज म्हणते, माझा चिन्श वाढला. ती कोणाची भाडेकरू नाही. ती भरते ते आपल्याकडच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं.

मग हीच बाई फ्लॅट भाड्याने द्यायला काढते तेव्हा अडचण होते, कारण चिन्श हा शब्द तर आधीच खर्च झालाय. म्हणून जाहिरातीत लिहितात, ओत्स्तेंपने २,२०० अधिक चिन्श ६८०. ओत्स्तेंपने म्हणजे मालकाच्या हातात पडणारी रक्कम, आपल्या भाषेत खरं भाडं. आणि चिन्श म्हणजे बिल्डिंगला जाणारी. करारात जरा नीट लिहायचं म्हणून एकाला भाड्याचा चिन्श आणि दुसऱ्याला प्रशासकीय चिन्श म्हणतात, पण घाईत नुसतंच चिन्श, चिन्श होतं आणि मशीनला काही कळायचा मार्ग नसतो.

या ओत्स्तेंपने शब्दावर मी जास्त रेंगाळते कारण तो मला फार ओळखीचा वाटला. त्याच्या मुळाशी बाजूला होणं, सोडून देणं असा अर्थ आहे. आधीच्या माणसाने जागा सोडावी, आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करावा म्हणून त्याला द्यायची रक्कम ती ओत्स्तेंपने. हे वाचलं आणि मला एकदम गिरगावातलं मावशीचं घर आठवलं, कारण ही तर सरळ सरळ पागडी झाली. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता तरी चाळीच्या चाळी पागडीवर चालल्या, आणि शेवटी महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. इथल्या दिवाणी संहितेत कलम ३९६ मध्ये हाच ओत्स्तेंपने शब्द अजून एका अर्थाने आहे, करारातून बाहेर पडायचा हक्क हवा असेल तर त्यासाठी ठरवलेली रक्कम. म्हणजे एका शब्दाचे तीन अर्थ, आणि जाहिरातीतला तिसरा अर्थ कायद्यात कुठेच नाही. एका मुलीने मला दाखवलेल्या मशीनच्या भाषांतरात ओत्स्तेंपनेला कॉम्पेन्सेशन म्हटलं होतं, दरमहा २,००० झ्लॉटी नुकसानभरपाई, ती बिचारी घाबरून विचारत होती की मी कशाचं नुकसान करणार आहे. इथे मी बेधडक रेंट लिहिते. जाहिरातीत ओत्स्तेंपने असेल तर रेंट, करारात भाड्याचा चिन्श असेल तरी रेंट. संपूर्ण कागदावर रेंट हा शब्द फक्त मालकाला जाणाऱ्या पैशासाठी वापरायचा, दुसऱ्या कशालाही लावायचा नाही, हा माझा पहिला नियम.

आता ती चूक.

तीन वर्षांपूर्वी सातारच्या मुलाच्या पहिल्या करारात दोन ओळी होत्या. एक प्रशासकीय चिन्श, आणि दुसरी, पोलिशमध्ये झालिच्का ना पोचेत मेदियूव्ह. पहिल्याचं मी शब्दाला शब्द ठेवून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी केलं आणि दुसऱ्याचं युटिलिटीज चार्ज. तेव्हा मला वाटलं छान सुटसुटीत झालंय. त्याने वाचलं आणि त्याला वाटलं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी म्हणजे एजंटच्या कागदपत्रांची फी, एकदाच द्यायची. पहिल्या महिन्यातच तो गैरसमज निघाला, थोडी धावपळ झाली, भागलं. दुसऱ्या ओळीचं दुखणं मात्र मे महिन्यात बाहेर आलं. मालकाने पत्र पाठवलं, न्येदोप्वाता १,४६० झ्लॉटी, १४ दिवसांत भरा. न्येदोप्वाता म्हणजे कमी भरलेली रक्कम. त्याने फोन केला तेव्हा आवाज अगदी साधा होता, रागावलेला नव्हता, तो म्हणाला, "ताई, तुम्ही लिहिलेलं चार्ज, मी दर महिन्याला तो भरलाय, एकदाही चुकवला नाही." आणि तो बरोबर होता. झालिच्का म्हणजे चार्ज नव्हेच. झालिच्का म्हणजे हिशोबात धरायची आगाऊ रक्कम, वर्षाच्या शेवटी मीटर बघून, बिलं बघून खरा आकडा निघतो आणि मग कमी भरलं असेल तर द्यायचं, जास्त भरलं असेल तर परत घ्यायचं. तो थंडीभर रेडिएटर पूर्ण उघडे ठेवून झोपायचा कारण त्याला वाटत होतं पैसे तर ठरलेलेच आहेत. माझ्या एका शब्दाने त्याला तसं वाटायला लावलं. मी अर्धे पैसे देते म्हटलं, तो नको म्हणाला, मी तरी ७३० पाठवले आणि त्याने ते शेवटी घेतले. पैशाचं तेवढ्यावर मिटलं, पण त्यानंतर मी कुठलाही करार शब्दकोश उघडून करायला घेतलेला नाही, आधी पैसा कुठे जातो ते विचारते.

रेडिएटरचं पण सांगायला हवं कारण हे आपल्याकडून आलेल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. इथल्या जुन्या मोठ्या ब्लॉक्समध्ये, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या त्या लांबच लांब इमारतींमध्ये, गरम पाणी शहराच्या हीटिंग प्लांटमधून पाइपाने येतं आणि रेडिएटरवर एक छोटं पांढरं यंत्र लावलेलं असतं, पोद्जेल्निक. लोक त्याला मीटर समजतात पण ते तसं मीटर नाही. ते फक्त वाटणी सांगतं. पूर्ण इमारतीला उष्णतेचं जे बिल आलं त्यातला काही भाग क्षेत्रफळावर आणि उरलेला या यंत्रांच्या आकड्यांच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे तुमचं बिल तुमच्यावर तर आहेच पण शेजारी किती उब घेतो, थंडी किती पडली, प्लांटने दर किती वाढवला यावर पण आहे. २०२२ नंतर दर वाढले तेव्हा आधीच्या वर्षाच्या अंदाजाने ठरवलेल्या झालिच्का सगळ्या तोकड्या पडल्या. अशा रकमेला इंग्रजीत नुसतं चार्ज म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याला खोटी खात्री देणं. मी आता तिथे लांबलचक लिहिते, ॲडव्हान्स पेमेंट, खऱ्या वापरावर वर्षातून एकदा हिशोब होईल, फरक भाडेकरूने द्यायचा किंवा त्याला परत मिळायचा. एका शब्दाच्या जागी अख्खी ओळ होते, होऊ दे.

याच्या उलट शब्द रिचाउत. म्हणजे ठोक रक्कम, वापर कितीही होवो, हिशोब नाही. करारात झालिच्का आहे की रिचाउत आहे यावर वर्षाअखेरीला हजार दीड हजाराचा फरक पडू शकतो आणि इंग्रजीत दोन्हीला मंथली युटिलिटीज लिहिलेले करार मी किती पाहिलेत. आणि घर पसंत पडल्यावर आधी जे पैसे मागतात त्यात अजून एक जोडी आहे, झालिच्का आणि झादातेक. मराठी माणसाला हे समजवायला सोपं जातं कारण आपल्याकडे इसार आहे. झादातेक म्हणजे इसार, तुम्ही माघार घेतली तर तो गेला, समोरच्याने घेतली तर दुप्पट परत मागता येतो, कलम ३९४. झालिच्का असेल तर व्यवहार फिसकटल्यावर नुसती परत. इंग्रजीत दोन्हीला डिपॉझिट म्हणून टाकलं की संपलं, कारण तिसरी रक्कम, काउत्स्या, जी आपल्या अर्थाने खरी डिपॉझिट आहे, तिलाही डिपॉझिटच म्हणायचं असतं.

चुकीनंतर मी काय केलं, तर मूळ कागद मागवायला लागले. करार नाही, त्याच्या मागचा कागद. बिल्डिंगची व्यवस्था बघणारी संस्था फ्लॅटमालकाला दरवर्षी किंवा दर बदलले की एक पत्रक पाठवते, तुमची महिन्याची रक्कम कशी झाली ते सांगणारं. मालकाला विचारलं की बहुतेक जण देतात. पहिल्यांदा ते पत्रक हातात आलं आणि मला अक्षरशः बाबांची वही दिसली. बाबा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे ११ वर्षं खजिनदार होते, दर तीन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर बिलं पसरून बसायचे आणि मी त्यांना आकडे वाचून दाखवायचे. सर्व्हिस चार्जेस, पाणी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पार्किंग, आणि ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय त्यांच्यापुढे नॉन ऑक्युपन्सी. इथल्या पत्रकात तीच रचना होती, फक्त थंड देशाची.

नवीन घराचं पत्रक माझ्यासमोर आहे त्यातलंच सांगते. फ्लॅट ४६ चौरस मीटर. पहिली ओळ एक्सप्लोआतात्स्या, चौरस मीटरला ४ झ्लॉटी, म्हणजे १८४. दुसरी फुंदुश रेमोंतोवी, दुरुस्ती निधी, चौरस मीटरला अडीच, म्हणजे ११५. मग हीटिंगची झालिच्का १६१, थंड पाणी आणि सांडपाणी ८०, पाणी गरम करण्याचे ७०, आणि कचरा दोन माणसांचा ७०. बेरीज ६८०. हाच तो दुसरा रेंट.

आता यातल्या प्रत्येक ओळीत एक एक खड्डा आहे. एक्सप्लोआतात्स्या वाचून इंग्रजी येणारा माणूस एक्सप्लॉयटेशन लिहून टाकतो आणि मी खरोखर एक्सप्लॉयटेशन फी असं छापलेला करार पाहिलाय, जणू पिळवणुकीचे पैसे. पोलिशमध्ये त्याचा अर्थ इतकाच, इमारत चालती ठेवायचा खर्च, जिन्याची झाडलोट, जिन्यातले दिवे, लिफ्ट, विमा, व्यवस्थापकाचा पगार. १९९४ च्या फ्लॅट मालकीच्या कायद्यात कलम १४ ने असा खर्च कशाकशाचा ते सांगितलंय, आणि पुढच्या कलमात हे पैसे मालकांनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत आगाऊ द्यायचे असंही आहे. भाडेकरारात १० तारीख इतक्या वेळा का दिसते त्याचं उत्तर मला तिथे सापडलं, मालकाला स्वतःला १० तारखेला भरायचे असतात.

पाण्याच्या दोन ओळी पाहून मुलं म्हणतात पाण्याचे दोनदा घेतात. तसं नाही, पहिली ओळ पाणी आत येण्याची आणि गटारात जाण्याची, दुसरी ओळ ते पाणी तापवायची. गरम नळातून एक घनमीटर पाणी घेतलं तर ते दोन्हीकडे धरलं जातं. इंग्रजीत हॉट वॉटर एवढंच लिहिलं की हा घोळ होणारच, म्हणून मी हीटिंग ऑफ वॉटर लिहिते आणि रेडिएटरच्या ओळीला स्पेस हीटिंग. कचऱ्याचं वेगळंच, २०१३ च्या जुलैपासून ते काम नगरपालिकांकडे गेलं आणि फी कशी लावायची त्याच्या पद्धती कायद्यात दिल्यात, माणशी, किंवा पाण्याच्या वापरावर, किंवा क्षेत्रफळावर, किंवा घरटी. या इमारतीत माणशी आहे. म्हणून करारात किती माणसं राहणार ते लिहायला लावतात, आणि मित्र चार महिने राहायला आला की ही ओळ बदलते.

मेदिया हा शब्द तर सगळ्यांनाच फसवतो. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट, सगळं मिळून पोलिशमध्ये मेदिया. मीडियाचे ३०० झ्लॉटी म्हटल्यावर टीव्हीचे आणि पेपरचे असं वाटतं, आणि टीव्ही नको असं कळवणारा पण एक जण मला भेटलाय.

आता खरा प्रश्न, या ६८० ला इंग्रजीत म्हणायचं काय. बाबांच्या वहीमुळे माझ्या मनात पहिल्यांदा मेंटेनन्स आलं. भारतीय मुलाला मेंटेनन्स म्हटलं की अर्ध्या सेकंदात कळतं. पण एका फ्लॅटमध्ये भारतीय मुलाच्या शेजारच्या खोलीत एक नायजेरियाचा मुलगा होता, त्याने मेंटेनन्सचा अर्थ दुरुस्ती असा घेतला आणि नळ गळायला लागल्यावर मालकाला म्हणाला मी दर महिन्याला दुरुस्तीचे पैसे भरतो, माणूस पाठवा. त्याचंही चूक नाही, इंग्रजीत मेंटेनन्सचा तोही अर्थ आहेच. ब्रिटिश माणसाला सर्व्हिस चार्ज म्हणावं, अमेरिकन माणसाला कॉन्डो फी, पण सर्व्हिस चार्ज म्हटलं की आपल्याला हॉटेलचं बिल आठवतं. इंग्रजी एकच आहे असं आपण धरून चालतो पण घराच्या बाबतीत प्रत्येक देशाचं इंग्रजी तिथल्या घरांसारखंच वेगळं आहे. आणि हे करार वाचणारी मुलं भारत, नायजेरिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम कुठूनही आलेली असतात, त्यांच्यात मधलं इंग्रजी कोणाचंच नाही.

काही करारांत या सगळ्या गाठोड्याला मिळून घराचे आकार अशा अर्थाचा पोलिश शब्दप्रयोग असतो आणि त्याचं इंग्रजी प्रॉपर्टी चार्जेस करतात. ते तर मी कटाक्षाने टाळते, कारण वाचणाऱ्याला वाटतं प्रॉपर्टी टॅक्स आपल्यावर आला. लंडनहून आलेल्या माणसाला तर नक्कीच वाटतं, तिकडे कौन्सिल टॅक्स राहणाराच भरतो. इथला घरपट्टीसारखा कर मालकाचा आणि तो इतका लहान आहे की सांगितल्यावर लोकांना खरं वाटत नाही, घराला चौरस मीटरमागे वर्षाला जास्तीत जास्त किती लावता येईल त्याची मर्यादा २०२५ साठी १.१९ झ्लॉटी होती. म्हणजे ४६ मीटरच्या फ्लॅटला वर्षाला ५५ झ्लॉटीच्या आसपास.

शेवटी मी बिल्डिंग चार्जेस या शब्दावर आले. कुठल्याच देशाच्या कायद्यातला नाही, म्हणून कोणाच्या डोक्यात आधीचा अर्थ बसलेला नाही. पण नुसता शब्द पुरत नाही हे मी शिकले होते. म्हणून पहिल्यांदा तो शब्द येतो तिथे एकदाच तीन गोष्टी लिहायच्या, पैसे शेवटी कोणाला जातात, नंतर हिशोब होतो की नाही, आणि रक्कम कोण वाढवू शकतं. मालकाला जातात आणि मालक करारानुसारच वाढवतो ते रेंट. बिल्डिंगला जातात, मालक फक्त पुढे पाठवतो, आणि बिल्डिंगने वाढवले की वाढतात ते बिल्डिंग चार्जेस. मीटरवर मिटतात ते युटिलिटीज. घर सोडताना परत मिळायचे ते डिपॉझिट. एवढं कळलं की मुलं बाकी सगळं स्वतः विचारतात, माझी गरज उरत नाही.

कायद्याकडे बघितलं तर हे प्रकरण अजून खोल जातं. भाडेकरूंच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा कलम ९ मध्ये म्हणतो की मालकाने चिन्श, म्हणजे भाडं, सोडून फक्त मालकाच्या हातात नसलेले आकार घ्यावेत, आणि त्यांची व्याख्या देतो, वीज, उष्णता, गॅस, पाणी, सांडपाणी, कचरा. जिन्याची झाडलोट आणि दुरुस्ती निधी त्या यादीत नाहीत. तरीही शहरभर करारांत ते वेगळे लावलेले असतात. का, तर एक कारण कराचं आहे. घरभाड्याच्या उत्पन्नावर इथे वर्षाला १ लाख झ्लॉटीपर्यंत साडेआठ टक्के कर, त्यावर साडेबारा, आणि खर्च वजा करता येत नाही. बिल्डिंगचे आणि विजेचे पैसे भाडेकरूने भरायचे असं करारात स्पष्ट लिहिलं असेल तर ते मालकाचं उत्पन्न धरत नाहीत, सगळं एका भाड्यात घातलं तर पूर्ण रकमेवर कर बसतो. म्हणून ती दोन चिन्शची विभागणी म्हणजे कोणाची हयगय नाही, ती मालकाने मुद्दाम केलेली असते, आणि अनुवादकाने सोपं व्हावं म्हणून दोन्ही एकत्र केले तर त्याने करारच बदलला असं होतं.

डिपॉझिटचंही असंच, २००१ च्या कायद्याने घर रिकामं केल्यापासून एका महिन्यात ती परत करायची. पण हीटिंगचा हिशोब हंगाम संपल्यावर येतो. डिसेंबरात घर सोडलं तर मालक म्हणतो मेपर्यंत थांब, मुलगा म्हणतो मी तर देश सोडून चाललोय. यावर मी एकच करते, करारात मीटरचे आणि पोद्जेल्निकचे आकडे आत शिरताना आणि बाहेर पडताना लिहायची जागा आहे ना ते बघते, आणि नसेल तर मागून घेते.

तर सातारच्या मुलाचं नवीन घर. मालकीण सत्तरीच्या आजी आहेत, त्यांना पोलिशमधलं पानी हे संबोधन लावून बोलायचं, आपल्याकडच्या अहोसारखं, आणि त्यांनी चहा, सफरचंदाचा केक वगैरे मांडून ठेवला होता. मी पत्रकातली एक एक ओळ वाचत इंग्रजीत उतरवत होते आणि फुंदुश रेमोंतोवीपाशी थांबले. ११५ झ्लॉटी, छताचं काम, पाइप बदलणं, पुढच्या १५ वर्षांत इमारतीला जे लागेल ते. इंग्रजी शब्द सोपा आहे, रिपेअर फंड, पण तो लिहिताना माझा हात जड झाला, कारण हा मुलगा दोन वर्षांनी जाणार आणि छत आजींच्या घराचं.

मी बाहेर बाल्कनीत जाऊन बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. म्हटलं, "बाबा, आपल्या सोसायटीत भाडेकरू ठेवला तर सिंकिंग फंड कोण भरायचं?" ते म्हणाले, "मेंबर. बिल मेंबरच्या नावाने निघतं, भाडेकरूचा आणि सोसायटीचा संबंधच काय? त्याने मालकाला काय द्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्याला निदान सांग, की तो कशाचे भरतोय."

आत येऊन मी आजींना जसंच्या तसं सांगितलं, माझे वडील खजिनदार होते, आमच्याकडे असं असतं, आणि तुमच्या कायद्यात पण ही ओळ भाडेकरूच्या आकारांत नाही. आजींनी चष्मा काढला, पत्रक जवळ घेतलं, बराच वेळ वाचलं. मग म्हणाल्या ठीक आहे, ही ओळ मी भरते, पण मग भाडं २,३०० करू या. पेन्सिलीने कडेला हिशोब मांडला, १०० वर कर साडेआठ झ्लॉटी, आणि वरचे १५ गेले. मुलाकडे बघितलं, त्याने मला विचारलं, मी आकडे सांगितले, आधी २,८८० होते आता २,८६५, आणि बिल्डिंगने दुरुस्ती निधी वाढवला तर तुला वाढणार नाही. तो हो म्हणाला.

मग मी लॅपटॉप पुढे ओढला आणि पोलिशमध्ये दोन्ही आकडे बदलले, पहिल्या चिन्शपुढे भाड्याचा, दुसऱ्यापुढे बिल्डिंगचा असं लिहिलं, इंग्रजीत रेंट २,३००, बिल्डिंग चार्जेस ५६५, त्यातल्या कुठल्या ओळींचा हिशोब होणार तेही लिहिलं. आजींनी दोन प्रती छापून आणायला नातवाला खाली पाठवलं. तोवर तो मुलगा खोल्यांमधून फिरून पाच रेडिएटरवरचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवत होता, मी सांगायच्या आधीच.